उपाशी गाऱ्हाणं

संगमेश्वराकडच्या आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली की मानकरी उभा राहून, एकेका वाडीचं नाव घेत देवीकडे साऱ्या गावाचं सुख मागतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. हा मान माझ्या सासऱ्यांचा. पण मामंजी अलीकडे वाड्यांची नावंच विसरू लागले होते. ‘म्हातारा कामातून गेला,’ म्हणण्यात त्यांचे चुलतभाऊ हरिश्चंद्र सर्वांत पुढे. मामंजी यंदा अडखळले तर मान हरिश्चंद्रांना द्यायचा, असं गावाने ठरवूनही टाकलं. माझं डोकं असं तापलं म्हणता!

माझ्या नवऱ्याने मामंजींना मुंबईच्या डॉक्टरांना दाखवलं. मधुमेह निघाला. इन्शुलिन नावाच्या नव्या विलायती औषधाची सुई टोचायला मी शिकले, आणि हळूहळू मामंजींचं डोकं ताळ्यावर आलं. फक्त सुईनंतर लगेच जेवायला हवं, नाहीतर माणूस भ्रमतो, आणि भ्रमलाच तर लगेच गोड भरवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि गाऱ्हाणं तर उपाशीपोटी घालायचं! मी म्हटलं, आज सुई नको.

“टोच गो,” मामंजी हटूनच बसले. “सुई चुकली तर नावा चुकतील. पालखी आता येयल.”

शेवटी मी टोचली. पण पालखी कसली येते! पोरं पालखी नाचवण्यात अशी रंगली की ऊन डोक्यावर आलं.

मामंजी गाऱ्हाण्याला उभे राहिले ते घामाने निथळत. पहिली वाडी घेतली, दुसरी घेतली आणि एकदम सासूबाईंना हाक मारू लागले. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली! लोक हसले. हरिश्चंद्र खाकरत पुढे सरकले.

मी बायकांतून उठले, गुरवाच्या ताटातला गूळ उचलला आणि मामंजींच्या तोंडात कोंबला.

“उपास मोडलान!” हरिश्चंद्र ओरडले.

“देवीच्या प्रसादाने उपास मोडतो होय? मोडत असेल तर देवीला विचारा!” मी कडाडले. “ढोलवाल्यांनो, बघताय काय? वाजवा!”

ढोल वाजू लागले. मी गूळ भरवत राहिले. घडीभराने मामंजींनी घाम पुसला, ढोल थांबवले आणि राहिलेल्या साऱ्या वाड्या धडाधड म्हटल्या. एकही चुकली नाही!

मग थांबले. माझ्याकडे बघत म्हणाले, “बा देवी म्हाराजा, माझी सून तोंडाची फटकळ हाय. तिका तशीच ठेव, आनि माझ्यापेक्षा जास्त आयुष्य दे!”

“व्हय म्हाराजा!” सारा गाव गरजला. हरिश्चंद्रसुद्धा.

मी मात्र भर सहाणेवर, सगळ्यांदेखत, आनंदाने रडले.