एकोणसाठावा सिनेमा

पळून जाणाऱ्या बाईने मागे काय काय सोडावं, याची एक यादी असते. कोरीनला ती आश्रयगृहातल्या रने नावाच्या बाईने दिली होती. फोन, फोनचा नंबर, बँकेचं कार्ड, गाडीची नंबरप्लेट, ओळखीतल्या कुणालाही धाडलेलं नाताळचं कार्ड, मुलीच्या डॉक्टरला दिलेला पत्ता. चौदा कलमं होती आणि कोरीनने चौदाच्या चौदा पाळली. नवऱ्याने, ग्लेनने, तिचं मनगट दोनदा मोडलं होतं. तिसऱ्या खेपेला त्याने सात वर्षांच्या टेसचा हात पिरगाळला, त्याच दिवशी कोरीन नेब्रास्कातून निघाली. ग्लेनने कुठल्याही मार्गाने संपर्क करायचा नाही असा कोर्टाचा मनाई हुकूम तिच्याकडे होता, पण हुकूम हा कागद असतो. खरं संरक्षण एकच होतं, ती कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

आता अकरा महिने झाले होते. मायलेकी सुपीरियर सरोवराच्या काठी पाईक हार्बर नावाच्या गावात आर्डिसच्या घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. गाव एवढंसं. एक शाळा, एक मोटेल आणि एक बेकरी, तीच कोरीनच्या नोकरीची. आर्डिस सत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेली, जिभेने तिखट आणि मनाने लोण्यासारखी. कोरीन कुठून आणि का आली हे तिने एकदाच विचारलं, उत्तर ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला नवीन कडी बसवून घेतली.

यादीत सिनेमांचं नाव नव्हतं. त्यात रनेचा काही दोष नाही. सिनेमासुद्धा माणसाचा माग काढू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

बेकरीत बरोबर काम करणाऱ्या मुलीने सांगितलं, की हेझलबॉक्स या महिन्याअखेर बंद पडतंय. हेझलबॉक्सवर पैसे भरून सिनेमा घेतला की तो कायमचा आपला, अशी कंपनीची जाहिरात होती. कायमचा हा शब्द कंपन्या फार सढळ हाताने वापरतात. कोरीनने तिथे लग्नाच्या आठ वर्षांत, स्वतःच्या पगारातून, त्रेसष्ट सिनेमे घेतले होते. टेसचा जीव की प्राण असलेला, होडी चालवणाऱ्या बिज्जूचा कार्टून सिनेमाही त्यातच होता.

"जोडसेवा वापर की. तुझं हेझलबॉक्सचं खातं जोडायचं, मग ऑटर टीव्ही म्हणून दुसरं सिनेमांचं दुकान आहे, त्याचं जोडायचं. इकडचे सिनेमे तिकडे आपोआप जातात. दोन मिनिटांचं काम आहे," ती मुलगी म्हणाली.

घरी आर्डिसला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "म्हणजे दुकान बंद पडलं की विकलेला मालपण घेऊन जातात? माझ्या कपाटात शंभर कॅसेटी आहेत. त्या न्यायला अजून कुणी आलं नाही बाई."

"तुमच्या कॅसेटी लावायला मशीन कुठंय, आर्डिस?"

"नाहीये. पण कॅसेटी माझ्या आहेत ना."

कोरीनला ते लागलं. घर ग्लेनकडे राहिलं, गाडी राहिली, म्हातारा कुत्रा राहिला. निदान सिनेमे तरी तिचे होते, तिच्या नावाच्या खात्यात होते. शनिवारी दुपारी ती आर्डिसच्या टीव्हीसमोर बसली. ती काही भोळी नव्हती. आधी तिने हेझलबॉक्सचा पासवर्ड बदलला, मग 'सगळ्या जुन्या टीव्हींवरून बाहेर पडा' हे बटण दाबलं. दारं लावून झाली असं वाटल्यावरच ती जोडसेवेकडे वळली. तिथे तिचा जुना ईमेल घालताच पडद्यावर आलं, 'पुन्हा स्वागत आहे'. तिला बरंच वाटलं, नवं खातं उघडायची कटकट वाचली. हे खातं केव्हा उघडलं होतं, कुणी उघडलं होतं, हे आठवायला ती थांबली नाही. घाईच्या माणसाला तयार वाट मिळाली की तो ती कुणी पाडली हे विचारत नाही.

अठ्ठावन्न सिनेमे आले. पाच आले नाहीत, त्यांच्या कंपन्यांनी जोडसेवेशी करार केलेला नव्हता. बिज्जू आला. टेसने तो लागोपाठ दोनदा पाहिला आणि मधल्या गाण्याला आर्डिसलाही नाचायला लावलं. अकरा महिन्यांत पोरगी इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच हसली होती.

मंगळवारी सकाळी टेसला शाळेसाठी तयार करता करता कोरीनने टीव्ही लावला, तर यादीत एकोणसाठ सिनेमे होते.

"टेस, तू रिमोट दाबलास का गं काही?"

"नाही. मी फक्त बिज्जू लावते. बाकी मला वाचायला कंटाळा येतो."

एकोणसाठावा सिनेमा जुना होता, प्रेमाबिमाचा, आता कुणी विचारत नाही असला. लग्नाआधी ग्लेन तिला पहिल्यांदा बाहेर घेऊन गेला होता, तो हाच पाहायला. कोरीनच्या हातातला कंगवा टेसच्या केसांतच राहिला. तिने पोरीला कळू दिलं नाही, वेणी घातली, डबा दिला, आर्डिसबरोबर शाळेत पाठवलं आणि मग जोडसेवेचं पान उघडलं. जोडलेली खाती: तीन. हेझलबॉक्स तिचं. ऑटर टीव्ही तिचं. तिसरं एका वेगळ्याच दुकानाचं, आणि त्यापुढे ग्लेनचं नाव.

तेव्हा तिला आठवलं. पाच वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चांगल्या दिवसांतल्या एका रविवारी ग्लेननेच हे खातं उघडलं होतं, तिच्या ईमेलवर. 'तुझे आणि माझे एकत्र करू, उगाच एकच सिनेमा दोनदा घेतला जाईल.' पण नंतर त्याने स्वतः तिथे एकही घेतला नव्हता, म्हणून शनिवारी तिला काही वेगळं दिसलं नाही. तिन्हींपैकी कुठेही सिनेमा घेतला की तो तिन्हीकडे दिसणार, ही त्या जोडणीची सोय. म्हणजे शनिवारी तिने दारं लावली ती सगळी बाहेरची. आतलं दार पाच वर्षं सताड उघडं होतं. पानाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, 'चालू असलेले टीव्ही'. तिथे लिहिलं होतं: टीव्ही, पाईक हार्बर, मिनेसोटा.

तिने ती ओळ तिथल्या तिथे पुसली. पण शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवस ती तिथे होती, आणि हे पान ग्लेनलाही उघडता येत होतं.

रनेने फोनवर सगळं शांतपणे ऐकलं. "जोड तोडू नकोस. तो जे काही करेल त्याचे फोटो काढून ठेव, पुरावा आहे तो. नवी जागा सोमवारी मिळतेय. आत्ता निघालीस तर मोटेलात राहावं लागेल, आणि तो आधी मोटेलंच धुंडाळणार. तोवर दारं लावून राहा. शेरीफच्या कचेरीला कळव."

शेरीफच्या कचेरीतल्या माणसाने हुकूम वाचला, परत वाचला, डोकं खाजवलं. "बाई, यात फोन आहे, चिठ्ठी आहे, निरोप आहे, माणसाकरवी निरोप आहे. यानं तर स्वतःसाठी सिनेमा विकत घेतलाय."

"तो मला दिसावा म्हणून घेतलाय."

"कळतंय हो मला. पण न्यायाधीशाला काय सांगू? सिनेमा घेतला म्हणून धरला?" तो वाईट माणूस नव्हता. त्याने गस्तीची गाडी दिवसातून दोनदा त्या रस्त्याने पाठवतो म्हणून शब्द दिला आणि पाळलाही.

बुधवारी सकाळी सात वाजता साठावा सिनेमा आला. लोहखनिज वाहणाऱ्या बोटींचा माहितीपट, सगळा सुपीरियर सरोवरावर घेतलेला. गुरुवारी, पुन्हा सातलाच, एकसष्टावा. दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट. टेस दुसरीत होती. सात म्हणजे ग्लेनची कॉफीची वेळ. कोरीनला तो डोळ्यांसमोर दिसत होता, कपाशेजारी फोन, अंगठा यादीवरून सावकाश फिरतोय. ग्लेनला न सांगता येऊन धडकणं आवडायचंच नाही. तो कामावरून निघाला की फोन करायचा, वळणावर आला की हॉर्न वाजवायचा. घरातल्यांनी तेवढा वेळ वाट पाहावी, हेच तर त्याला हवं असायचं.

"मी थकले हो आर्डिस," कोरीन म्हणाली. "पुन्हा सामान, पुन्हा नवी शाळा, पोरीला पुन्हा खोटं आडनाव पाठ करायला लावायचं. माझ्यात जोर नाही आता."

आर्डिस बटाटे सोलत होती. "तू घेतलेला सिनेमा त्याला दिसतो का?"

"दिसतो. तिन्हीकडे दिसतो."

"मग तूही घे की एखादा. तो बोलतोय, तर तूही बोल. फक्त खरं बोलू नकोस."

दोघींनी अर्धा तास शोधून एक निवडला. ॲरिझोनाच्या वाळवंटातलं गाव, नव्याने राहायला आलेली मायलेकींची जोडी, जिकडेतिकडे निवडुंग. टीव्हीची ओळ तर कोरीनने पुसलीच होती. आता वर हा सिनेमा. ग्लेन म्हणणार, घाबरून दक्षिणेला पळाली. बासष्टावा सिनेमा यादीत चढला आणि आर्डिस म्हणाली, "माझ्या नवऱ्याला मी चाळीस वर्षं बनवलं. हा कोण लागून गेलाय?"

शुक्रवारी सात वाजले. काही आलं नाही. आठ वाजले, नऊ वाजले. दर तासाला कोरीन यादी उघडायची आणि बासष्टवर थांबायची. संध्याकाळपर्यंत तिच्या खांद्यांतला ताठा जरा उतरला. टेसने वात्रट प्रश्न विचारले, त्यांना तिने वात्रट उत्तरं दिली. आर्डिसने खिमा-बटाट्याचं भांडं ओव्हनमधून काढलं, तिघी पोटभर जेवल्या. ग्लेन एव्हाना ॲरिझोनाचा नकाशा चाळत असेल, असं आर्डिस म्हणाली आणि कोरीनला चक्क हसू आलं. रनेने निरोप दिला होता, सोमवारी सकाळी दहाला गाडी येईल. उरले दोन दिवस.

शनिवारी सकाळी खिडकीबाहेर सरोवरावर धुकं होतं. टेस वर झोपलेली. कोरीनने कॉफी ओतली आणि यादी पाहिली. बासष्टच. मग सहज, नुसतं मन निर्धास्त करावं म्हणून, तिने जोडसेवेचं पान खालपर्यंत सरकवलं. चालू असलेले टीव्ही: एक. टीव्ही, पाईक हार्बर, मिनेसोटा. आज सकाळी सात वाजता जोडला.

"आर्डिस, तुम्ही टीव्ही लावला होता का सकाळी?"

"मी? मी आत्ता उठतेय. का गं?"

कोरीन बाहेरच्या खोलीत गेली. आर्डिसचा टीव्ही काळाठिक्कर होता. शुक्रवारी धूळ पुसताना आर्डिसने त्याची वायर भिंतीतून काढली होती आणि ती अजून जमिनीवर लोळत होती. गावात मोटेल एकच, इथून चौथ्या गल्लीत, आणि तिथल्या प्रत्येक खोलीत टीव्ही होता. त्याने तो जोडला होता तो तिला दिसावा म्हणूनच. शुक्रवारी सिनेमा आला नव्हता, कारण शुक्रवारी ग्लेन गाडी चालवत होता.

आर्डिस दारात येऊन उभी राहिली. तिने कोरीनच्या हातातला फोन पाहिला, मग जमिनीवरची वायर पाहिली. झग्यावरच कोट चढवला आणि भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढली.

"टेसला पांघरुणासकट उचलून आण," ती म्हणाली. "बूट नकोत, वेळ जाईल. शेरीफला वाटेत फोन कर. माझी गाडी त्यानं कधी पाहिलेली नाही."

कोरीन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होती, तेव्हा वळणावर कुणीतरी हॉर्न वाजवला.