मोजा कोरडा आहे ना?

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच उभा आहे, पण तो मुळातच अबोल, त्यामुळे दोघांची हकीकत मलाच सांगावी लागते. मित्रांनो, माझ्या झिजलेल्या टाचेकडे बघून हसू नका. माझा तळ दोनदा बदलला आहे. पण आत हात घालून बघा, मी अजून कोरडा आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

ज्यांनी मला घडवलं, ते म्हातारे कारागीर खालच्या दुकानात बूट शिवायचे आणि वरच्या दोन खोल्यांत लेक-जावयाबरोबर राहायचे. लेक रोपवाटिकेत कामाला होती. दिवसभर हातात पाण्याची नळी, पायाखाली चिखल. तिला त्या कामाचं भारी वेड. कुठलं रोप रुसलंय, हे तिला लांबूनच कळायचं. पण तिच्या पायांना ते काम मानवेना. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या, त्या चिघळल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "पाय कोरडे राहणार नसतील, तर हे काम सोडावं लागेल."

त्या संध्याकाळी लेक धड जेवली नाही. बापाला ते बघवेना.

"बाप बूट करतो आणि लेकीचे पाय भिजतात!" ते म्हणाले. "काम-बिम सोडायचं नाही. मी बघतो."

मग माझा थोरला भाऊ जन्माला आला. आतून-बाहेरून जाड रबराचा, अगदी दणकट. कारागिरांनी त्याला टेबलावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. थेंब बाहेर येईना. "आता यात मासे पाळ!" ते लेकीला म्हणाले. लेक ते बूट घालून कामावर गेली आणि संध्याकाळी परत येऊन तिने मोजा पिळला, तर फरशीवर थारोळं.

"गळतोय, बाबा."

"गळूच शकत नाही! तूच वरून नळी मारली असशील."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे, स्वतःच्या बुटात पाणी ओतायला?"

बाप-लेकीची चांगलीच जुंपली. शेवटी म्हातारबुवा हट्टाला पेटले. त्यांनी स्वतःच्या मापाचा तसाच जोड केला आणि तो घालून दुकानातल्या कोरड्या ठणठणीत फरशीवर दिवसभर काम केलं. संध्याकाळी बूट काढला, तर मोजा ओलाचिंब. त्यांनी तो नाकाशी धरून हुंगला. मग जिन्याखाली उभं राहून त्यांनी हाक मारली, "पोरी, चुकलं गं माझं. पाणी बाहेरून येतच नाही. हा घाम आहे. मी तुझं पाऊल डब्यात कोंडलं."

पाण्यातून काढून पायाला घामात ढकलल्यासारखंच झालं होतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात! आता हवा होता असा बूट, जो पाण्याला दार लावेल आणि घामाच्या वाफेला उघडेल. कारागिरांनी दुकानं पालथी घातली. एका कापडवाल्याकडे त्यांना एक पांढरा, सायीसारखा पातळ पडदा मिळाला. त्याला डोळ्यांना न दिसणारी भोकं होती. पण बोलण्यावर विश्वास ठेवतील ते आमचे कारागीर कसले! त्यांनी पेल्यात गरम पाणी घेतलं, पडदा तोंडावर ताणून बांधला आणि वर दाढीचा छोटा आरसा धरला. आरसा धुरकटला. मग त्यांनी पेला उलटा केला. थेंब पडला नाही. म्हातारबुवा एकटेच खुदकन हसले.

त्या हसण्यातून माझा जन्म झाला, मित्रांनो. बाहेर मऊ चामडं, आत अस्तर आणि मध्ये तो पडदा. पण सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला आमंत्रणच. म्हणून माझ्या शिवणींवर आतून गरम इस्त्रीने चिकटपट्ट्या बसवल्या. नाडीखालची माझी जीभसुद्धा दोन्ही बाजूंनी घडी घालून शिवली. जीभ बांधलेली असून मी इतका बोलतो, हे विशेष!

पहिल्या संध्याकाळी लेक कामावरून आली. तिने मला काढलं आणि आत हात घातला. खाली कारागीर श्वास रोखून उभे.

"कोरडा आहे, बाबा!" ती जिन्यावरून ओरडली.

हळूहळू तिचे पाय बरे झाले. पुढची काही वर्षं फार सुखाची गेली. मी चिखल तुडवला, डबकी ओलांडली आणि तिच्यासोबत कितीतरी रोपं मोठी होताना पाहिली. रोज संध्याकाळी तिचा हात आत यायचा आणि तेच शब्द खाली जायचे.

आणि मग एका पावसाळी आठवड्यात माझा मोजा ओला झाला. दुसऱ्या दिवशीही झाला. तिच्या बोटांना पुन्हा खाज सुटली. डॉक्टरीणबाईंचे शब्द पुन्हा घरात घुमू लागले. "म्हातारा झाला बिचारा," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मला फार वाईट वाटलं. माझं काय चुकत होतं ते मलाच कळत नव्हतं. फक्त गुदमरल्यासारखं व्हायचं, आणि ते सांगणार कुणाला?

कारागिरांनी मला टेबलावर घेतलं, पाणी भरलं. थेंब गळेना. त्यांनी शिवणी तपासल्या. त्या शाबूत होत्या. शेवटी त्यांनी चामडं कापायची रापी उचलली. "आत उघडून बघितल्याशिवाय कळायचं नाही." माझा जीव टांगणीला लागला. लेकीने तोंड फिरवलं. रापीचं पातं माझ्या कुशीला टेकलं आणि सर्रकन घसरलं. पात्यावर पिवळट साल निघाली. कारागिरांनी ती बोटात चुरडली, हुंगली.

"मेण? हे कुणी चोपडलं?"

दारात उभे असलेले जावई घसा खाकरू लागले. "बाबा, मीच. म्हटलं, पाऊस जोराचा आहे, हिच्या पायांना पुन्हा त्रास नको. चांगले तीन थर दिले."

"तीन!" कारागिरांना हसावं की रडावं कळेना. "अहो जावईबापू, प्रेमाने नाक दाबलंत की त्याचं!"

अति तिथे माती, ती अशी. मग जावयांनी स्वतः बाह्या सरसावल्या. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश घेऊन ते दुपारभर मला घासत बसले. मला बाळासारखं न्हाणं मिळालं. सावलीत वाळल्यावर कारागिरांनी माझ्यात गरम पाणी ओतलं, तोंडावर ताटली झाकली आणि कुशीला तो जुना आरसा धरला. तिघंही वाकून बघत होते. हळूहळू काचेवर धुकं चढलं, आणि इतक्या दिवसांनी मला मोकळं वाटलं.

तिचे पाय पुन्हा बरे झाले. काम सुटलं नाही. आता मोठ्या पावसात नवा जोड जातो आणि मी साध्या दिवसांचा मानकरी आहे. तक्रार काही नाही. एक विनंती मात्र आहे, मित्रांनो. आमच्यावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा, आम्हाला चुलीजवळ नको, सावलीत वाळवा. लाडही करा, पण लाडात आमचा श्वास कोंडू नका.

आजही संध्याकाळी लेक घरी येते, मला काढते, आत हात घालते आणि जिन्यावरून ओरडते, "कोरडा आहे, बाबा!"

खालून म्हाताऱ्याचा आवाज येतो, "काय म्हणालीस गं? ऐकू नाही आलं!"

ती पुन्हा ओरडते. त्यांना पहिल्याच वेळी नीट ऐकू आलेलं असतं. ते तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.