खिळ्यावरची पिन

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात रॉकेलापेक्षा राग जास्त आहे. आमच्या गल्लीत लोक अजून म्हणतात, "शिवय्याच्या घरातला स्टोव्ह भडकला हुता, पोरं थोडक्यात वाचली." मी आपला आपण भडकलो नाही. मला भडकवलं, आणि तेही पोरांच्या काळजीपोटी. कसं ते ऐका.

माझं पितळ कुठं ओतलं, मला ठाऊक नाही. मला जाग आली ती कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका दुकानाच्या फळीवर. मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती, पण रॉकेल अजून मोजूनच मिळत होतं. गुळाच्या अडतीवर काम करणाऱ्या शिवय्यांनी मला विकत घेतलं. घरात त्यांची बायको महादेवी, मुलगी रत्ना, धाकटा मुलगा बसलिंगाप्पा, म्हणजे बसू, आणि शिवय्यांची थोरली विधवा बहीण. तिला लहानथोर सगळे आक्काच म्हणत.

मी पहिल्यांदा पेटलो तेव्हा शेजारच्या चिमणाबाई दारातूनच मागे सरल्या. "आगं बया! ह्यो तर मोटारीगत वराडतोय की!" पण धूर नाही, फुंकणी नाही, आणि निळा जाळ. चार दिवसांत त्याच चिमणाबाई आपलं दूध माझ्यावर तापवून नेऊ लागल्या. माझं अंग चिंचेने घासलं जाई आणि मी आरशासारखा चमके.

आक्काने पहिल्याच आठवड्यात माझ्यावर बोटं भाजून घेतली. तिने मला शिवी दिली नाही. दुकानात जाऊन मला कसं वागवायचं ते नीट विचारून आली, आणि मग रत्नाला माझ्यासमोर बसवलं. काड्यापेटी मात्र हातात दिली नाही.

"आधी इजवायचा कसा त्ये शीक," ती म्हणाली. "पेटवायचं मग बगू."

माझ्या टाकीवर हवा सोडायची एक छोटी चावी आहे. ती सैल केली की सुस्स करून हवा जाते आणि जाळ बसतो. रत्ना कितीतरी दिवस तेवढंच करत होती.

"आक्का, माजं लगीन हुईस्तवर नुसती इजवतच बसू व्हय?"

"बस की. लगीन कुटं पळून चाललंय?"

मग पुढचे धडे आले. बर्नर आधी चांगला तापू द्यायचा. काजळीने भोक बुजलं तर पिन सरळ घालायची, तिरपी नाही. आणि स्टोव्ह पेटवण्याआधी गुळाचं रिकामं गोणपाट भिजवून जवळ ठेवायचं. रत्नाचा हात बसला, आणि आक्काने बसूला हाक मारली.

तिथे महादेवी आडवी आली. "आक्का, पोरगा हाय त्यो. त्येला कशाला चुलीपाशी बसवताय? आन् रत्नालाबी पुरं आता. तोंडबिंड भाजलं म्हंजे?" शिवय्यांनी जेवता जेवता मान हलवली. महादेवीने माझी पिन घेतली आणि कमरेच्या चाव्यांच्या जुडग्यात अडकवली. पिन नाही तर स्टोव्ह पेटणार नाही, पोरं सुखरूप राहतील, असा तिचा हिशेब.

मित्रांनो, इथेच माझं डोकं फिरतं. पिन म्हणजे काही माझी किल्ली नव्हे! पिन माझा घसा साफ करते. ती नसली तरी मी पेटतो, फक्त वाईट पेटतो. या घराने साफसफाई कुलपात घातली, आणि आग उघड्या फळीवर ठेवली. वर स्वतःला शहाणं म्हणवून घेतलं.

गुळाचा हंगाम होता. शिवय्या अडतीवर, आक्का कबनूरला भाचीच्या बाळंतपणाला गेलेली. महादेवी हिवतापाने अंथरुणात कुडकुडत होती आणि जुडगा तिच्या उशाखाली होता. रत्ना नळावर पाण्याला गेली. बसूला वाटलं, आईला गरम चहा करून द्यावा. यात त्या लेकराचा काय गुन्हा, सांगा?

त्याने मला फळीवरून उतरवलं. बर्नरखालच्या वाटीत रॉकेल ओतून काडी लावली, पण बर्नर तापायची वाट पाहिली नाही. कुणी सांगितलंच नव्हतं. माझं भोक काजळीने बुजलेलं. जाळ येईना म्हणून तो पंपाने हवा मारत सुटला. माझं पोट ताठ झालं. मी ओरडलो असतो, पण मला आवाज फुटतो तो जाळाबरोबरच. एकदम काजळी उडाली आणि कच्च्या रॉकेलाची धार वर गेली. दोरीवर वाळत घातलेल्या धोतराने पेट घेतला.

बसूने पाण्याची कळशी उचलली.

"पाणी वतू नगंस!" रत्ना दारात उभी होती. "रॉकेल पसरंल! सर मागं!"

तिने आपला ओला पदर हातावर गुंडाळला, तोंड बाजूला वळवलं आणि माझी चावी सोडली. सुस्स. जाळ खाली बसला. मग घागरीत बुचकळलेलं गोणपाट माझ्यावर टाकलं आणि धोतर ओढून मोरीत फेकलं. तिच्या बोटांवर फोड आले. घर मात्र उभं राहिलं, भाऊ उभा राहिला, तापात पडलेली आई वाचली.

संध्याकाळी शिवय्या आले. त्यांनी काय करावं? रत्नावरच ओरडले! "तुला कुनी सांगिटलं त्या चावीला हात लावाय? हात जळून गेला असता तर?" आणि मला उचलून माळ्यावर फेकलं. माझा एक पाय तेव्हा वाकला, तो अजून वाकडाच आहे.

दुसऱ्या दिवशी आक्का परतली. तिने रत्नाची बोटं पाहिली, वरचं काळं झालेलं आढं पाहिलं, आणि माळ्याखालीच उभी राहून बोलली.

"शिवय्या, पोरीनं घर राकलं, आन् तू तिच्यावरच वराडतोस व्हय?"

"आक्का, मी पिन लपवली ती त्यांच्या भल्यासाटीच की," महादेवी अंथरुणातून म्हणाली.

"पिन लपवलीस. उद्या काड्यापेटी लपव. परवा इळी लपव. मग पान्याचा आड कुटं लपवशील गं, पदराखाली? आगं, आपुन जलमभर पोरांच्या म्होरं उबं ऱ्हानार हाय काय?"

शिवय्या रत्नाच्या बोटांकडे पाहत राहिले. मग महादेवीने उशाखालून जुडगा काढला. पिन तिनेच सोडवली आणि बसूच्या तळहातावर ठेवली.

"आक्का, ह्येला शिकवा," ती म्हणाली. "आन् मलाबी. ती चावी कशी सोडत्यात, मला कुटं म्हाईत हाय?"

शिवय्यांनी मला गुपचूप खाली उतरवलं आणि पिनेसाठी भिंतीत खिळा ठोकायला हातोडी घेतली. ठोकू लागले ते आपल्या डोक्याच्या उंचीवर. आक्काने हातोडी काढून घेतली आणि बसूला दिली. "तुज्या हाताला ईल तिथं ठोक." पहिला घाव अंगठ्यावर बसला. महादेवी उठू लागली, आणि मग तशीच बसून राहिली.

आता घरात नवा स्टोव्ह आला आहे. मी कोपऱ्यात असतो, सणासुदीला मोठं पातेलं असलं की मला बोलावतात. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी तुमच्या हातातून हत्यार काढून घेऊन "लांब हो" म्हणालं, तर रुसून बसू नका. हट्ट धरा आणि विचारा, "हे विझवतात कसं?"

आमच्या भिंतीवरचा तो खिळा वाकडा आहे. तो सरळ करायचा नाही असं महादेवीने सांगून ठेवलं आहे. पिन तिथेच असते, पोराच्या हाताला येईल इतकी खाली.