मागच्या बाकावरचा साक्षात्कार

शनिवारी सकाळी सातला चौकातल्या बेकरीसमोर ढकलाढकली व्हायची, ती चीज भरलेल्या गरम बुरेकसाठी नव्हे. तिथे बंधू गाव्रिलोची पांढरी व्हॅन उभी असायची आणि सगळ्या जणी भांडायच्या तिच्या मागच्या बाकासाठी. पुढच्या जागांवर कुणीही बसावं. मागचा तीन जणींचा बाक मात्र कृपेचा. तिथे बसून डोंगरावरच्या मठापर्यंत गेलं की दीड तासात काही ना काही दिसायचं. कुणाला संत, कुणाला उजेड, कुणाला नुसतीच आपली मेलेली गाय.

"ग्रोझ्दाना, उठ तिथून! गेल्या शनिवारी तूच होतीस!"

"होते, पण पुरतं दिसायच्या आत मठ आला. माझं अर्धं राहिलंय."

"मेल्यावर बघ उरलेलं, तुला आता कितीसा वेळ उरलाय!"

ग्रोझ्दाना आजी एक्याऐंशीची. ती हलली नाही.

गाव्रिलो पूर्वी पेट्रोलच्या गाड्यांना गॅसची किट बसवायचा. धंदा बसला तेव्हा त्याने दाढी वाढवली, मेंढीच्या कातड्याचा कोट घातला आणि स्वतःच्याच व्हॅनला संताची तसबीर लावली. निघण्याआधी तो दारात उभा राहून सांगायचा, "भगिनींनो, मोबाइल बंद, तोंड बंद, खिडक्या बंद. कृपा म्हणजे ताजी भाकरी. झाकून ठेवाल तितका वेळ गरम राहते." मग धूपदाणी पेटवायचा आणि हीटर चढवायचा.

आमचा पोप, म्हणजे गावचा पाद्री, चर्चच्या पायरीवरून हे सगळं बघायचा. एकदा मला म्हणाला, "देसांका, माझ्याकडे लोक चाळीस वर्षं प्रार्थनेला उभे आहेत, कुणाला काही दिसलं नाही. मीच कुठेतरी कमी पडतोय."

मी गाड्यांच्या वार्षिक तपासणी केंद्रात खिडकीशी बसते. नोकरीला लागले तेव्हा फक्त फॉर्म भरायचे. एकोणीस वर्षं ओब्राद मेकॅनिकच्या कामाकडे बघत बघत, मागून आणलेली पुस्तकं वाचत, आता गाडीच्या नुसत्या आवाजावरून सांगू शकते की हिच्या पोटात काय बिघडलंय. गाव्रिलोची व्हॅन त्या हिवाळ्यात रिकाम्या पिंपासारखी घुमत होती. माझ्या कानाला ते खटकलं होतं, पण माझा काय संबंध?

संबंध आला तो ताईमुळे. माझी मोठी बहीण स्तामेना, हृदयाची झडप अधू, नवरा तिहोमिर जाऊन दोन वर्षं झालेली. जानेवारीत ती मागच्या बाकावर बसून आली आणि माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढताच खुर्चीवर टेकली.

"तिहोमिर आला होता," ती म्हणाली. "लग्नातला कोट. मिशा विंचरलेल्या. माझ्याकडे बघून हसला."

"हसला? तिहोमिर?"

"हो. तीस वर्षांत हसला नव्हता इतका."

मी तिला कॉफी दिली. तिचं डोकं दुखत होतं. कृपा जड असते, ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी स्वतः तिच्याबरोबर गेले. ताईने भांडून मला मागच्या बाकावर शेजारी घेतलं. धूप, हीटर, आणि एकही काच उघडी नाही. काच उघडायला गाव्रिलोने मनाई करायची गरजही नव्हती. आमच्यात माणूस लांडग्याला भिणार नाही इतका खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याच्या झोताला भितो. झोत लागला की मान आखडते, दात ठणकतात, मूत्रपिंडं गारठतात. हे माझ्या आईने मला सांगितलं, मी माझ्या लेकीला सांगितलं, आणि पुस्तकं वाचणारी मी त्या दिवशी मफलर कानावर ओढून काच आणखी घट्ट केली.

तासाभराने कपाळ ठणकायला लागलं. हातपाय लोण्यासारखे. मग मलाही दिसलं. माझी वारलेली सासू. ती माझी सारमा, कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा, चाखून म्हणाली, "मीठ कमी."

तेव्हाच मला शंका आली. स्वर्गातून कुणाला पाठवायचंच असतं, तर तिला नसतं पाठवलं.

मठाच्या अंगणात मी भिंतीआड जाऊन ओकले. थंड हवेत उभी राहिले आणि बऱ्याच वेळाने डोकं हलकं झालं. तेवढ्या वेळात एक गोष्ट आठवली. गाव्रिलोच्या बाजूची काच बोटभर खाली होती. "मी पापी," तो म्हणाला होता, "मला गारठा सोसलाच पाहिजे." दर आठवड्याला जाणाऱ्या त्या एकट्या माणसाला आजवर काहीच दिसलं नव्हतं.

परतताना मी पुढे, त्याच्या शेजारी बसले. ताईलाही पुढे ओढलं, पण ती मागेच बसली. ऐकेल तर ती ताई कसली! गावात पोचलो तेव्हा तिचे ओठ हलत होते पण शब्द येत नव्हते. आम्ही तिला उचलून उतरवलं. गाव्रिलोने खिशातून ऑक्सिमीटर काढून तिच्या बोटाला लावला आणि गर्दीपुढे हात उंच धरला.

"नव्व्याण्णव! विज्ञानसुद्धा गुडघे टेकतं! हिच्या रक्तात ऑक्सिजन भरभरून आहे, ही तर समाधी आहे."

मी त्या समाधीला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर स्मिल्यानाने तोच नव्व्याण्णव पाहिला आणि तरीही मास्क लावून ऑक्सिजन सुरू केला.

"हा चिमटा फसतो," ती म्हणाली. "धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि हे यंत्र दोघांनाही ऑक्सिजनच समजतं. रक्त जिल्ह्याला पाठवते." संध्याकाळी तिने मला बाजूला घेतलं. "एकवीस टक्के. बाई सिगारेट ओढते?"

"घरात कुणी ओढली तर अंगणात हाकलते."

"दिवसाला दोन पाकिटं ओढणाऱ्याच्या रक्तातही इतका नसतो. आता नीट ऐका. या हृदयाला हे पुन्हा झेपणार नाही."

आणि पुढचा शनिवार होता मृतांच्या स्मरणाचा. गाव्रिलोने जाहीर करून टाकलं होतं की त्या दिवशी डोंगरापलीकडच्या दूरच्या मठात जायचं. चार तासांचा रस्ता. त्या दिवशी गेलेले नुसते दिसणार नाहीत, बोलणार. ताईची जागा मागे, मधोमध.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती मृतांच्या प्रसादासाठी गहू निवडत बसली होती. मान वर केली नाही.

"तुला सासू दिसली म्हणून जळतेस."

"ताई, तो धूर आहे गं."

"धुराला मिशा असतात?"

"तू मरशील."

"मग भेटेनच ना त्याला." एवढं बोलून ती उठून गेली.

शब्दांनी होणार नव्हतं. पण माझ्या रजिस्टरात एक तारीख होती. गाव्रिलोच्या व्हॅनची नोंदणी शुक्रवारी संपत होती. तपासणीशिवाय शनिवारी तिला रस्त्यावर येता येणार नव्हतं. गुरुवारी तो आला, आणि मिरवणुकीनेच आला. यंत्राच्या कागदावरही कृपा उमटेल, असं त्याने बायकांना सांगितलं होतं. ताईही आली होती, माझ्याकडे न बघता. डॉक्टर स्मिल्यानाला मी फोन करून बोलावून घेतलं होतं.

ओब्रादने यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये घातली. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा चढला: चार पूर्णांक दोन टक्के. मागच्या वर्षी याच गाडीचा होता शून्य पूर्णांक दोन.

"यंत्राला थंडी बाधली असेल," गाव्रिलो म्हणाला. दोघी-तिघी हसल्या.

ओब्राद खाली खड्ड्यात उतरला आणि हातोडीच्या दांड्याने एका लोखंडी डब्यावर टकटक केलं. डबा वाजला, पिंप वाजतं तसा.

"हा कन्व्हर्टर," तो खालूनच ओरडला. "यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, विषारी धूर निवळणारी. याने गॅसची किट स्वतःच बसवली, ठिणगी नीट लागत नव्हती, न जळलेलं इंधन जाऊन जाळीवर पेटलं, जाळी वितळून बसली. मग पठ्ठ्याने डबा कापला, जाळी काढून विकली, तिच्यातल्या धातूला सोन्यासारखा भाव आहे, आणि रिकामा डबा पुन्हा जोडला. जोडकाम तर बघा, बोट जातंय फटीत! वर गॅसच्या नळ्यांसाठी गाडीच्या तळाला भोक पाडलंय." त्याने हातोडीचा दांडा वर रोखला. "बरोबर मागच्या बाकाखाली."

"ओब्राद," मी म्हटलं, "आता नळी आत ठेव. मागच्या बाकावर. सगळ्या काचा बंद, इंजिन चालू, आत कुणी नाही."

पंधरा मिनिटं आम्ही काचेतून त्या रिकाम्या बाकाकडे बघत उभे होतो. आकडा आला शून्य पूर्णांक शून्य पाच.

"शून्य!" गाव्रिलो हात पसरून ओरडला. "भगिनींनो, शून्य शून्य पाच! एवढ्यासाठी ही खिडकीतली बाई संतावर शिंतोडे उडवते!" आणि हशा झाला, चांगलाच.

डॉक्टर स्मिल्याना हशा संपेपर्यंत थांबली. "श्वास घ्यायच्या हवेत हा आकडा शून्यच लागतो," ती म्हणाली. "शून्य शून्य पाचमध्ये दीड तास बसलात की डोकं ठणकतं, गुंगी येते, गुंगीत स्वप्नं पडतात, आणि माणसाला तेच दिसतं ज्याची त्याला आठवण येते. चार तास बसलात तर धडधाकट माणूस उठत नाही. स्तामेना तर नक्कीच उठली नसती."

"खोटं!" गाव्रिलोचा आवाज चिरकला. "मी दर शनिवारी त्याच गाडीत असतो. मला काय झालं?"

ग्रोझ्दाना आजी काठी टेकत पुढे आली. "तुझी काच उघडी असते, रे. आणि आम्ही म्हाताऱ्या म्हणायचो, बिचारा झोत लागून मरेल." तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुला माहीत होतं, मेल्या."

ओब्रादने कागदावर लाल शिक्का मारला आणि नंबरप्लेट उतरवायला पान्हा घेतला.

सगळ्या पांगल्या. ताई व्हॅनपाशीच होती. मी जवळ गेले.

"म्हणजे तो आला नव्हता," ती म्हणाली.

"नाही, ताई."

"दोन वर्षांपूर्वी एकदा गेला. आज तू पुन्हा नेलास." आणि ती चालत घरी गेली. खरं सांगायची ही किंमत कुठल्या पुस्तकात लिहिलेली नसते. तरी मी सांगते की ती द्यावी. देव असेल तर तो कुणाचा श्वास कोंडून भेटायला बोलावणार नाही, आणि जो बोलावतो त्याच्या गाडीखाली आधी वाकून बघावं. त्याला पदवी लागत नाही. दोन गुडघे लागतात आणि थोडा धीर.

शनिवारी ताई आमच्याच दफनभूमीत आली, गहू आणि वाइन घेऊन. ती बर्फात तिहोमिरपाशी तासभर उभी होती, ओठ हलत होते. मी लांब थांबले. मग तिने मला हात केला.

"दिसला नाही," ती म्हणाली. "पण सगळं बोलून घेतलं. मध्ये बोलायला तोही नव्हता."

शेजारच्या थडग्यावर मेणबत्ती लावणारी एक बाई कुजबुजली, की पलीकडच्या गावात एका माणसाकडे म्हणे अशीच बंद खोली आहे, आत बसलं की दिसतात.

ताई वळली. "डोकं दुखतं का तिथे?"

"थोडं दुखतं म्हणे."

"मग आधी बाहेर ये, बाई. पोटभर श्वास घे. यायचंच असेल त्याला, तर उघड्यावर येईल."