बांबूच्या काठीवरची ओल

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. फिलिपिन्सच्या एका चिमुकल्या बेटावर, झावळ्यांच्या छपराखाली माझा मुक्काम. कारखान्यातून निघालो तेव्हा हिरवागार होतो. खाऱ्या वाऱ्याने तो रंग कधीच खाल्ला. सणाला माझ्या जोरावर गाणी वाजली की लोक कौतुक करत. एरवी म्हणत, "मेला नुसता डिझेल ढोसतो!"

मित्रांनो, मला खरं ओळखलं ते मला चालवणाऱ्या निम्फाताईने. टाकीत बांबूची काठी बुडवायची, ओल कुठवर आली ते बघायचं आणि मी त्या दिवशी काय काम केलं ते आठवायचं. एवढ्यावर तिचा अंदाज पक्का. काय बाई होती!

एकदा वादळामुळे डिझेलची होडी अडकली. लस टोचणारी नर्सही त्याच होडीने यायची होती. शेजारच्या बेटावर गोवर पसरलेला, आणि आमच्या तान्ह्या बाळांची लस दवाखान्याच्या फ्रीजमध्ये. फ्रीज तापला तर सगळं संपलं. गावप्रमुख रुस्तिकोने, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, हुकूम सोडला, "दिवे बंद! फक्त फ्रीज चालू. डिझेल पुरेल."

माझं इंजिन दिवसभर जवळजवळ रिकामंच फिरलं. संध्याकाळी निम्फाताईने काठी बाहेर काढली आणि तिचा चेहरा उतरला.

"कॅप्टन, हे बघा. असंच चाललं तर होडीआधी टाकी कोरडी पडेल."

"अगं, पण त्याला काम कुठे होतं?"

"रिकामी होडी वल्हवताना हात दुखत नाहीत का? नुसतं फिरायलाही हा डिझेल पितोच. रोज थोडाच वेळ चालवू, पण घरोघरचे फ्रीजर एकदम जोडून. बर्फ झाला की बंद. लस त्या बर्फावर राहील."

"मग तेवढ्यात एखादं गाणं..."

"गाण्याने लस थंड राहते होय? जा, आधी तुमच्या फ्रीजरमधली मासळी काढा!"

रुस्तिको मासळी काढायला गेला. घरोघरी मासळी उन्हात वाळत पडली आणि फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गेल्या. मी जीव तोडून राबलो. इतकं मनाजोगं काम मला कधी मिळालं नव्हतं.

होडी दिसली तेव्हा काठीचं फक्त टोक ओलं होतं. पण लस गारच होती. नर्सने सुया टोचल्या आणि बेटावरची सगळी बाळं एका सुरात भोकाड पसरून रडली. निम्फाताई हसता हसता डोळे पुसत होती.

मित्रांनो, यंत्राला खादाड म्हणण्याआधी त्याची भूक समजून घ्या. आणि काम नसेल तर आम्हाला खुशाल बंद करा. फुकटचं खाणं आम्हालाही गोड लागत नाही.