टायरले इचारा

रोज सकाळी गोल करून उभं रायनं मले बिलकुल पटत नव्हतं. मी टेम्पोवाला माणूस. चांदूर रेल्वेहून आमच्या फुलाइच्या कंपनीची झेंडू-शेवंती भरली का अमरावती, मंग अकोला. उशीर झाला का मार्केटात भाव पडते अन् शिव्या मले, या गजेंद्रलेच. पण आमची मॅनेजर रागिणीताई, वयानं माया पोरीएवढी, गाडी भरायच्या आधी सगळ्याइले उभं करे अन् एकेकाले इचारे, "काल काय अडलं? आज काय लागते?"

"मले काय इचारता? टायरले इचारा!" माया नंबर आला का मी असंच वरडो. सगळे हासत. ती बी हासे अन् म्होरं जाय.

आता खरं सांगतो, फायदा झाला नाई असं नाई. अकोल्याले पोचेपर्यंत फुलं काळी पडत, अन् सगळे म्हणत, गजेंद्र मूर्तिजापूरले चहा ढोसत बसते. एक दिवस त्या गोलात गोदाबाई बोलली. ही आमच्याकडं फुलं निवडते, अन् तिचं तोंड सुरू झालं का बंद होत नाई. पण त्या दिवशी कामाचं बोलली. "दहिवरात तोडलेली ओली फुलं आपुन तशीच पोत्यात कोंबतो नं बाप्पा, काळी नाई पडन तं काय होईन?" तवापासून फुलं ताडपत्रीवर पसरवून, सुकवून भरतो. मायावरचा आळ गेला. तरी मी म्हटलं, एवढ्यासाठी रोज कायले पायजे? लगेच मानलं तं तो गजेंद्र कायचा!

मंग गणपतीच्या तोंडावर एका सकाळी माया नंबर आला, अन् मी म्हटलं, "सगळं बरं हाय ताई."

कोणी हासलं नाई. ताई माया तोंडाकडं पायतच रायली. बाकीच्याइचं उरकलं, गाडी भरली, मी आत बसलो, तं ती दुसऱ्या बाजूनं येऊन शेजारी बसली.

"गजेंद्रभाऊ, आज टायर काहून गप हाय?"

"काई नाई."

"तुमी बरे असले का वरडता. आज साखरेसारखं बोलले. मले भेव लागून रायलं."

पन्नाशीचा मिशीवाला गडी मी, स्टेअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडलो. सत्यवतीच्या, माया बायकोच्या, छातीत गाठ लागली होती. ती बी आमच्याच कंपनीत हार ओवते. तिनं मले पोरीची आण घातली होती, कोणाले सांगू नका, दसऱ्याचा सीझन होऊ द्या, मंग पाहू. अन् असली गोष्ट मी बाईमाणसाले सांगावी तरी कशी? डोळ्याले डोळा लागत नव्हता. एकच वाटे, ही गेली तं मी वरडू कोणावर?

ताईनं सगळं ऐकलं अन् एवढंच बोलली, "दसरा दरवर्षी येते, गजेंद्रभाऊ. उतरा खाली."

"अन् गाडी?"

"मी नेईन."

तिनं तिथंच बसून अमरावतीच्या डॉक्टरीनबाईले फोन लावला, सत्यवतीले हारावरून उठवलं, अन् गोदाबाईले आमच्यासंग धाडलं. मंग टेम्पोचा गिअर असा खरडला का मी कानावर हात ठेवले. पण नेला बाप्पा, अकोल्यापर्यंत नेला! इकडं बसमधी गोदाबाई रस्ताभर बोलत होती. सत्यवती दोनदा हासली. गोदाबाईच्या तोंडाले मी त्या दिवशी पहिल्यांदा दुवा दिली.

गाठ साधी नव्हती. पण ल्हान होती. ऑपरेशन झालं, निभावलं. डॉक्टरीन म्हणे, "लवकर आणलं म्हणून बरं झालं. दसऱ्यापर्यंत थांबले असते तं मले असं हासून बोलता आलं नसतं." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून हात जोडले. देवाले जोडले का रागिणीताईले, ते मले बी समजलं नाई.

औषधपाणी अजून चालू हाय. पण दसऱ्याचा माल उरकला, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यवती मायासंग आली अन् गोलात उभी रायली. ताईनं इचारलं, "वैनी, तुमाले काय लागते?"

"मले जीव पायजे होता, तो तुमी दिला. आता काई नाई लागत." सत्यवती सरळ बोलणारी बाई. "पण ताई, तुमी रोज सगळ्याइले इचारता. तुमाले कोण इचारते?"

आमी एकमेकाकडं पायलं. खरंच, कोणी कधी इचारलं नव्हतं. मी तं नाईच.

ताई हासली. "मले? सगळं बरं हाय."

गोदाबाई बी गप झाली, म्हणजे पाहा. सत्यवतीनं ताईचा हात धरला. "दसरा दरवर्षी येते, रागिणीताई. सांगा."

ताईच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. गाडी भरायची होती, उशीर तं झालाच होता. मी चाबी खिशात घातली, फुलाइची ताडपत्री आणून मधोमध अंथरली.

"बसा ताई," मी म्हटलं. "अकोला कुठं पळून नाई जात."