मचव्याच्या बरगड्या

दोन पानांच्या कडांमध्ये बोटभर फट होती. एका तांबड्या मुंगीनं कड जबड्यात धरली, दुसरीनं तिची कंबर, तिसरीनं दुसरीची. साखळी पलीकडच्या पानाला पोचली आणि हळूहळू मागं सरकू लागली. फट कमी झाली. नीराबाई थांबून पाहत राहिली.

"आये, मुंग्या बघायला आलीस व्हय?" मोरू पुढून म्हणाला.

"तू चाल. आले."

रेवदंड्याहून आगबोटीनं ती दोन मुलग्यांसह मुरूडला आली होती. रात्र नणंदेकडं काढून, पहाटे बुधाजी कातकऱ्याला वाटाड्या घेऊन सगळी रानात शिरली होती. मचव्याच्या, मासेमारीच्या शिडाच्या होडीच्या, बरगडीला झाडावरच वाकडं वाढलेलं लाकूड लागतं, आणि ते मालकानं स्वतः रानात जाऊन निवडायचं, ही त्यांच्या घरची रीत. नवरा तापानं गेल्यापासून मालक तीच होती. नव्या मचव्याचा तांडेल कोण, मचवा कोणाच्या हुकमात चालायचा, हे मात्र तिनं अजून सांगितलं नव्हतं. सुतारानं विचारलं, खलाशांनी विचारलं. दर वेळी ती "बघू" म्हणाली.

थोरला मोरू ताकदीचा, चेहरा हुबेहूब बापाचा. त्याला नाही म्हणणं तिच्या जिवावर येई. धाकट्या बाळाजीनं गेल्या आश्विनातल्या वादळात भरलेलं जाळं कापून दर्यात सोडलं आणि सगळी माणसं घरी आणली. तेव्हापासून मोरू त्याला जाळंकाप्या म्हणे.

दरीच्या तोंडाशी बुधाजी थांबला. खाली दाट सावलीत ऐनाची एक फांदी धनुष्यासारखी वळलेली दिसत होती. त्यानं पायाजवळचं पान उलटून दाखवलं. त्यावर रक्त होतं, अजून ओलं.

"डुक्कर हाय, बाय. कुणीतरी गोळी घातलेलं. आज हितनं नको, वरनं जाऊ."

"फांदी खाली हाय आणि तू वर जा म्हणतोस," मोरू म्हणाला. "भ्या वाटत असंल तर जाळंकाप्याचा हात धर."

तो कुऱ्हाड घेऊन उतरू लागला. त्याला अडवायला बुधाजी धावत त्याच्या पुढं गेला, आणि कारवीच्या जाळीतून डुक्कर आलं ते थेट बुधाजीवर. सुळा मांडीत शिरला आणि वर फाडत गेला. डुक्कर वळून पुन्हा येण्याआधी बाळाजीनं बुधाजीला काखेत हात घालून कातळावर ओढलं. मोरूची कुऱ्हाड डुकराच्या मानेत बसली. पाय झाडत ते कोसळलं. मोरू घाव घालत राहिला. डुक्कर हलायचं थांबलं तरी घालत राहिला. हाडाचे तुकडे उडून नीराबाईच्या लुगड्याला लागले. डुकराचं तोंड कुठलं ते ओळखू येईना, तेव्हा कुठं तो थांबला.

बुधाजीच्या मांडीतून रक्त उसळ्या मारत होतं. नीराबाईनं पदर फाडून जखमेच्या वर आवळला, गाठीत काटकी घालून पिळला. उसळ्या थांबल्या. हात जरा सैल केला की पुन्हा सुरू होत. तिनं काटकी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"दादा, झोळी करू. अंधाराच्या आत उतरवू याला," बाळाजी म्हणाला.

"आधी फांदी. त्यासाठीच आलो ना?"

"मरंल तो."

"कातकरी हाय. रानातच मरायचा."

बुधाजी डोळे मिटून पडला होता. हे ऐकून त्यानं ते उघडले आणि नीराबाईकडं पाहिलं.

बाळाजी खाली चार पावलांवरच्या त्या ऐनाच्या बुंध्याला जाऊन पाठ लावून उभा राहिला. "आधी माणूस," तो म्हणाला.

मोरूनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर मारला. बाळाजीनं रक्त थुंकलं, त्यात दात होता. तो हलला नाही. दुसऱ्या फटक्यानं त्याचं नाक मोडलं. गुडघे वाकले, पण पाठ बुंध्यावरून सुटली नाही.

"बाजूला हो," मोरू म्हणाला. दांडा फिरवून त्यानं पातं पुढं घेतलं.

नीराबाईला उठायचं होतं. काटकी सोडली तर बुधाजी गेला असता. तिच्या हातात एवढंच होतं, आणि तोंड मोकळं होतं.

"मोरू," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मचव्याचा तांडेल बाळाजी. त्याच्या हाताखाली येणार असशील तर कुऱ्हाड टाक आणि बुधाजीला उचल. न्हायतर माझ्या मचव्यावर पाय ठेवू नको."